विमानाच्या कारखान्यात उलटतपासणी

बसा, चहा येतोय. तोवर माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी फजिती सांगून टाकतो. खरं म्हणजे सांगू नये अशीच आहे. वकिलाने स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची नसते, हे मीच लोकांना शिकवत आलो. पण त्याच शिकवणीने माझी अशी काही जिरवली, की आता लपवून काय करू? आणि ज्या बाईने ती जिरवली, तिचं नाव निघालं की मी आजही मनातल्या मनात हात जोडतो.

मी मूळचा शेणवे गावचा. शहापूरच्या कोर्टात सात वर्षं वकिली केली. बांधाची भांडणं, कोंबडी मारली म्हणून झालेली मारामारी, सातबाऱ्यावरून तुटलेली नाती, अशी माझी प्रॅक्टिस! आणि माझ्याकडे हत्यार एकच. नाकबूल! अशील समोर बसला की माझं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. "काहीही कबूल करायचं नाही. बाकी मी बघतो."

असा हा माणूस विमानाच्या धंद्यात गेला कसा? तेही सांगतो.

मुरबाडच्या एमआयडीसीत मोरेसाहेबांचा छोटा कारखाना होता. पाण्याच्या पंपाचे भाग बनवायचे. त्यांच्या प्लॉटच्या हद्दीचा दावा मी लढवला आणि जिंकला, म्हणून माझ्यावर त्यांचा जीव. नव्वदचं दशक संपत आलेलं. पंपाचं काम आटत चाललं होतं, तेवढ्यात साहेबांनी खटपट करून विमान बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीचं काम आणलं. काम म्हणजे काय, विमानाच्या दाराजवळ बसणारी अॅल्युमिनियमची तळहाताएवढी पट्टी. तिला सगळे ब्रॅकेट म्हणायचे. कराराची फाईल आली ती उशीएवढी जाड. साहेब म्हणाले, "वकीलसाहेब, हे वाचायला माणूस हवा. तुम्हीच या."

गेलो! नोकरी लागली, पदवी मिळाली, 'विधी सल्लागार'. एका पट्टीचा!

पण गावाला कोण सांगणार? म्हसा गावच्या जत्रेत बैलबाजारात मामा भेटले, ते चार माणसांत ओरडले, "काय रे वकिला, विमान बनवतोस बोलतात! उडवतोस कधी?"

"मामा, विमान नाही हो. दाराची पट्टी."

"मंग दार तरी उघडून दाखव!"

आईचं तर विचारूच नका. शेणव्यावरून विमान गेलं, की ती हातातली भाकरी टाकून अंगणात यायची आणि आभाळाकडे बघून सांगायची, "सांभाळून जा रे बाबांनो! माझ्या पोराचा दार हाय त्याला!"

तर, करार. मी तो मन लावून वाचला, आरोपपत्र वाचतात तसा. बाकी सगळं ठीक होतं, पण एका कलमापाशी माझे डोळे थांबले. काय लिहिलं होतं? कंपनीचा माणूस कारखान्यात येईल आणि कुठल्याही कामगाराला, कधीही, काहीही विचारू शकेल! त्याचं समाधान झालं तर मान्यता, नाही झालं तर करार रद्द.

तुम्ही असता तर काय म्हणाला असता? "येऊ दे की, विचारू दे." बरोबर ना? मी काय म्हणालो माहीत आहे? मी म्हणालो, "अरे देवा, ही तर उलटतपासणी!"

माल आणायला मोरेसाहेब आठवडाभर परगावी गेले होते. जाताना एवढंच म्हणाले, "वकीलसाहेब, पुढच्या सोमवारी तपासणी आहे. आपल्या माणसांना जरा तयार ठेवा." त्यांच्या मनात होतं, स्वच्छ कपडे, विंचरलेले केस. मी तयारी सुरू केली साक्षीदारांची!

आणि ही तयारी गमतीची नव्हती हो. मान्यता नाही मिळाली तर कारखाना बंद, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. अठ्ठावीस माणसं होती. कारखाना गेला असता तर त्यांतली अर्धी भिवंडीच्या गोदामांत ओझी वाहायला गेली असती. बायकांना तर तेही जमलं नसतं. मला खरंच वाटत होतं, की या अठ्ठावीस चुली मी वाचवतोय.

जेवणाच्या सुट्टीत कँटीनमागच्या जांभळाखाली सगळ्यांना बसवलं आणि शिकवणी सुरू केली.

"नीट ऐका. विचारणारा गोड बोलेल. फसायचं नाही. तीनच उत्तरं द्यायची. माहीत नाही. आठवत नाही. मी तिथे नव्हतो. पाठ करा!"

सगळ्यांनी पाढ्यासारखं म्हटलं. मग मी विरुद्ध बाजूचा वकील झालो. समोर उभा केला बबन. ड्रिल मशीनवरचा, दोन पोरांचा बाप, अंगाने आडवा, पण साहेब दिसला की घाम फुटणारा.

"तुमचं नाव काय?"

"बबन."

"चूक! आधी विचारायचं, कशासाठी हवंय?"

बबनने ते तळहातावर पेनाने लिहून घेतलं. एवढा गुणी अशील मला उभ्या सात वर्षांत मिळाला नव्हता!

तेवढ्यात मागून आवाज आला. "साहेब, एक विचारू काय?"

सुमनताई. म्हशाच्या रस्त्यावरच्या एका पाड्यावरून चालत यायच्या. शाळा नववीपर्यंत, बोलणं मोजकं, नजर अशी की भिंग लाजेल. बनलेलं प्रत्येक ब्रॅकेट शेवटी त्यांच्या टेबलावर यायचं. त्या ते उजेडात फिरवायच्या, कडेवरून नख फिरवायच्या आणि मगच त्यावर शिक्का.

"पार्ट हातून पडला तर लाल पेटीत टाकायचा आन वहीत लिवायचा, असा आमाला शिकवलाय. मंग आता तो पन लिवायचा नाय काय?"

ही लाल पेटी म्हणजे कारखान्यातला मोठा नियम. जमिनीवर पडलेल्या पट्टीला आतून केसाएवढी चीर गेलेली असू शकते. वरून दिसत नाही. म्हणून पडली की ती पेटीत, आणि वहीत नाव, वेळ, सही. पडली म्हणून कुणी ओरडायचं नाही, पण सांगायचं मात्र सांगायचंच.

हे सगळं मला समजावून सांगितलं होतं. तरी माझ्यातला वकील काय बोलला? ऐका.

"ताई, लिहिलं म्हणजे पुरावा! आपल्याच हाताने आपल्याविरुद्ध पुरावा कोण तयार करतं?"

"पन साहेब, पडला असला तर नाय कसा बोलायचा?"

"ते खरंखोटं वरचे लोक ठरवतील. आपण फक्त नाही म्हणायचं."

ताईंनी डबा उचलला आणि त्या आत गेल्या. मला वाटलं, पटलं त्यांना. काय अक्कल म्हणायची ही!

सोमवार उजाडला. मोरेसाहेब सकाळीच परतले होते. मी चैत्राच्या उन्हात काळा कोट घालून हजर! गळ्यातला पांढरा बँड तेवढा घरी ठेवला, एवढंच काय ते शहाणपण.

तपासणीला आले राघवनसाहेब. सडपातळ, पांढरे केस, खिशाला दोन पेनं. सगळं आयुष्य विमानांत गेलेलं आणि वीस वर्षं मुंबईत काढलेली, त्यामुळे मराठी स्वच्छ. ते सरळ ड्रिल मशीनपाशी गेले आणि हसून म्हणाले, "नमस्कार. तुमचं नाव?"

बबनने तळहात बघितला. "कशासाठी हवंय?"

राघवनसाहेबांनी चष्मा सारखा केला. "असंच, ओळख. किती वर्षं आहात इथे?"

"आठवत नाय."

"बरं. या मशीनवर काम कोण करतं?"

"माहीत नाय." हे बोलताना बबनचा हात मशीनच्या बटणावर होता!

"मग तुम्ही इथे काय करता?"

"मी इथे नव्हतो."

"आत्ता?"

बबनने माझ्याकडे पाहिलं. मी हळूच मान डोलावली.

"आत्ता पन नव्हतो!"

राघवनसाहेब गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनकडे वळले. त्यांच्यापुढे गेटची वही धरली. "बाबा, ही सही तुमची ना?"

बाबांनी वही लांब धरून पाहिली, जवळ धरून पाहिली. "माझ्यासारखी हाय," ते म्हणाले. "पन माझी नाय!"

खोटं कशाला बोलू? माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं. असे साक्षीदार शहापूरला मिळाले असते तर मी आज जिल्हा कोर्टात असतो!

मोरेसाहेबांचा चेहरा मात्र पांढराफटक. मला बाजूला ओढून म्हणाले, "वकीलसाहेब, काय चाललंय हे? माणसांना झालंय काय?"

"बिनधास्त राहा साहेब," मी कुजबुजलो. "अजून एकही कबुली गेलेली नाही!"

साहेबांनी कपाळावर हात मारला.

तेवढ्यात राघवनसाहेबांनी लाल पेटीवरची वही उघडली. एकेक पान उलटत गेले. मग त्यांचं बोट एका जागी थांबलं.

"गेल्या महिन्यात दर आठवड्याला दोन-तीन नोंदी आहेत. छान. पण गेल्या आठवडाभरात एकही नाही? एकदम सगळ्यांचे हात इतके पक्के झाले?"

शेडमधलं मशीन कुणीतरी बंद केलं. राघवनसाहेबांच्या आवाजातलं हसू गेलं होतं. "मी सरळ विचारतो. गेल्या आठवडाभरात कोणाच्याही हातून पार्ट पडला नाही?"

एक बबन सोडून सगळे माझ्याकडे बघत होते. आणि पहिल्यांदा मला शंका आली. कारण बबनला दरदरून घाम फुटला होता आणि तो छताकडे बघत होता. हा असा घाम मी कोर्टात शंभरदा पाहिलेला. तो खऱ्या गुन्ह्याचा असतो.

"पडलाय, साहेब."

सुमनताई! टेबलापासून उठून उभ्या राहिल्या होत्या.

"शनवारी पडलाय. टन् असा आवाज मी ऐकला. वळून बघते तर बबनदादा खाली वाकलेला. त्याने उचलला आन ट्रेत ठेवला. चाळीस पार्ट हायत त्यात. त्यातला कोनता पडला, तो मला दिसला नाय."

"तो ट्रे कुठे आहे? पॅक झाला?" राघवनसाहेबांनी झटकन विचारलं.

ताई वाकल्या. टेबलाखालून आपली डब्याची पिशवी बाजूला केली आणि तिच्यामागचा ट्रे उचलून टेबलावर ठेवला. चाळीसच्या चाळीस पट्ट्या. एकीवरही शिक्का नव्हता.

"मी पॅक करू नाय दिला. लिवायचा नाय असा सांगितला व्हता, म्हनून लिवला नाय. मालक गावाला, मंग सांगू कोनाला? पन शिक्का नाय मारला मी. त्या दारापाशी कोनाचा तरी पोर बसेल ना साहेब! काल माझ्या घशाखाली घास उतरला नाय."

मग बबन रडायलाच लागला. एवढा आडवा माणूस, पण पोरासारखा रडत म्हणाला, "मीच पाडला साहेब. माझं चुकलं. पन कबूल नाय करायचा, असा वकीलसाहेबांनी शिकवला!"

आणि त्याने बोट दाखवलं. माझ्याकडे! माझाच साक्षीदार, भर कोर्टात, फितूर!

सगळी शेड माझ्याकडे वळली. काळ्या कोटात घामाने निथळत मी उभा. तुम्हाला सांगतो, त्या चाळीस पट्ट्यांकडे बघताना मला वर आभाळाकडे हात करणारी आई दिसली. माझ्या पोराचा दार हाय त्याला, असं ती अभिमानाने सांगायची. आणि तिच्या पोराने काय केलं होतं? तडा गेलेली पट्टी त्या दाराला बसवायची सोय!

"होय साहेब," मी म्हणालो. "यांचा काही दोष नाही. हे सगळं मी शिकवलं. मला वाटलं, तुम्ही उलटतपासणीला येताय."

वकिलीच्या आयुष्यात पहिल्यांदा मी गुन्हा कबूल केला, तोही तारीख न मागता.

राघवनसाहेबांनी माझ्या कोटाकडे पाहिलं, खालपासून वरपर्यंत. आता काय ऐकावं लागतंय, म्हणून मी डोळेच मिटले. पण ते माझ्याशी बोललेच नाहीत. ते सुमनताईंपुढे जाऊन उभे राहिले आणि त्यांनी चक्क हात जोडले.

"ताई, जिथे कोणाच्या हातून काही पडतच नाही, तिथला माल मी घेत नाही. मला भीती वाटते. तुम्ही आहात म्हणून इथला घेईन."

ताई इतक्या लाजल्या की त्यांनी पदराने टेबलच पुसायला घेतलं.

चाळीसही पट्ट्या त्याच दिवशी मशीनखाली कापून टाकल्या. बबनला कोणी शब्दाने बोललं नाही. उलट राघवनसाहेबांनी त्याच्याकडून वहीत नोंद करून घेतली आणि पाठ थोपटली. मान्यता मिळाली, पण एका अटीवर. काय अट? विधी सल्लागाराने महिनाभर सुमनताईंच्या टेबलावर बसून काम शिकायचं! राघवनसाहेबांनी ते अहवालात लिहिलंसुद्धा. बाकी सगळे कर्मचारी उत्तम, फक्त वकिलाला प्रशिक्षणाची गरज आहे. ती प्रत मोरेसाहेबांनी जपून ठेवली होती. दर दिवाळीला काढून वाचायचे, लेकाचे!

कारखाना वाढला. अठ्ठावीसची साठ माणसं झाली. मीही त्याच टेबलामुळे पुढे गेलो. विमानाचे भाग बनवणाऱ्या आणखी दोन कंपन्यांचे करार माझ्याकडे आले, परदेशातल्या वकिलांशी मी फोनवर वाद घातले. शेणव्याचा पोरगा! पण कुठल्याही कराराला हात लावताना माझा पहिला प्रश्न एकच असायचा. चूक झाली तर सांगायची सोय यात कुठे आहे? लोक म्हणायचे, काय खोल अनुभव आहे तुमचा! अनुभव कसला? चाळीस पट्ट्यांचा ट्रे!

बऱ्याच वर्षांनी कंपनीच्या कामासाठी पहिल्यांदा विमानात बसलो. जागा मिळाली नेमकी दाराजवळची. विमान धावायला लागलं, सगळे देवाचं नाव घेत होते. मी काय केलं असेल? मी सुमनताईंचं नाव घेतलं. अगदी खरं सांगतो. आणि निवांत झोपलो. उतरल्यावर त्यांना फोन करून हे सांगितलं, तर म्हणाल्या, "झोपलात? मंग दार कसा हाय तो बघितला कोनी?"

त्या बाईने माझं काय वाचवलं, ते मी कुठल्या शब्दांत सांगू? नोकरी वाचवली, कारखाना वाचवला, हे झालंच. पण त्या ट्रेवर शिक्का पडला असता, तर आकाशातलं प्रत्येक विमान बघताना मी मान खाली घातली असती. आई अंगणात यायची तेव्हा मीही तिच्याबरोबर मान वर करून उभा राहू शकलो, ते ताईंमुळे. आहे मी ऋणी. मरेपर्यंत राहणार.

काय म्हणता? संपली फजिती? छे हो! खरी तर पुढे आहे.

त्या प्रशिक्षणाचा पहिला दिवस. कोट नाही, काही नाही, अंगात निळा डगला आणि हातात भिंग. सुमनताई शेजारी. त्या मला शिकवत होत्या, "दोनी हातानी धरा. नख कडेवरून फिरवा. घाई नाय करायची." मी नवीन नवरीसारखा मान खाली घालून ऐकतोय. मनात पक्का निश्चय, की आता बदलायचं. आजपासून खोटं नाही. नाकबूल नाही. झाली तेवढी शोभा पुरे!

पहिलं ब्रॅकेट तपासलं. दुसरं तपासलं. तिसरं उजेडाकडे धरलं आणि,

टण्!

शेडमधली सगळी मशीनं थांबली. बबन मान वळवून बघतोय. गेटवरचे बाबा खिडकीतून डोकावतायत. पट्टी माझ्याच पायापाशी पडलेली, माझे दोन्ही हात अजून हवेत तसेच, रिकामे.

सुमनताईंनी मान वर न करता विचारलं, "वकीलसाहेब, पार्ट कोनाच्या हातून पडला?"

आणि माझ्या तोंडातून, शपथेवर सांगतो, आपोआप निघालं,

"मला माहीत नाही ताई, मी तिथे नव्हतो!"

काय हसली हो ती शेड! बबन तर मशीनला धरून हसत होता. ताईंनी मात्र पट्टी उचलून लाल पेटीत टाकली, वही माझ्यापुढे सरकवली आणि पेन हातात दिलं.

मी लिहायला बसलो. 'सदर इसम सदर टेबलाजवळ असताना सदर वस्तू काही अपरिहार्य कारणास्तव...' असं अर्धं पान झालं. ताईंनी ते वाचलं आणि सरळ काट मारली.

"एका ओळीत लिवा, साहेब."

ती ओळ आजही त्या वहीत आहे. कोणीही जाऊन बघा. अक्षर माझं, सहीसुद्धा माझीच.

'पार्ट माझ्या हातून पडला. मी तिथेच होतो.'